थ्रेड : खामगावची कॅसेट आणि चढलेली पट्टी

१/
इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बखरी, फर्माने, नाणी, शिलालेख येतात. आजच्या थ्रेडमधले साधन ६० मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्यावर निळ्या शाईत ‘खामगाव, गणपती, १९९०’ इतकेच लिहिलेले आहे. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात एका मंडपासमोर ऑर्केस्ट्रा झाला. त्यात माझे काका इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते. तीन वर्षांनी काका गेले. त्यांच्या वादनाची दुसरी कोणतीही खूण घरात नाही.

ही कॅसेट चुकीच्या गतीने वाजते आणि तिच्यातले सूर खऱ्याहून चढे आहेत, हे समजायला आम्हांला तीस वर्षे लागली. ते कसे समजले, चूक कशी मोजली आणि मोजताना मी स्वतः कुठे फसलो, हे क्रमाने सांगतो.

२/
आधी त्या काळाविषयी थोडेसे. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. १९८०च्या दशकात ती आपल्याकडे गावोगावी पोहोचली आणि टू-इन-वन हे घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण झाले. तोवर ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत, मोठ्या कलावंतांचे, कंपनीच्या खर्चाने व्हायची गोष्ट होती. आता कोणीही बटण दाबून कीर्तन, भारूड, लग्नातली मंगलाष्टके किंवा मंडपातला ऑर्केस्ट्रा टिपू लागले.

विदर्भाच्या अलिखित सांस्कृतिक इतिहासाचा फार मोठा भाग अशा कॅसेटींत आहे. त्यांतल्या पुष्कळशा आज माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, बुरशी धरत पडल्या आहेत.

३/
आमच्या कॅसेटभोवती एक घरगुती आख्यायिका तयार झाली होती. काकांची बोटे विजेसारखी चालत, असे सारे सांगत, आणि कॅसेट लावली की ते पटतही असे. माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, वडील गेले तेव्हा चार वर्षांचा होता. तो याच कॅसेटवरून गिटार शिकला.

पण एक गोष्ट त्याला छळत असे. त्याची गिटार या कॅसेटशी कधी नीट जुळत नसे. तारा जवळजवळ अर्धा स्वर वर चढवाव्या लागत. पुरा अर्धा स्वर चढवला तर किंचित जास्त होई, न चढवावा तर फारच कमी पडे. बाबांची जुळवणी काही वेगळीच होती, असा निष्कर्ष त्याने काढला होता. त्या वेगळ्या जुळवणीचा त्याला अभिमानही होता.

४/
आता मूळ तत्त्व पाहू. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरावीक गतीने सरकायला हवी. मुद्रण करणारे यंत्र जर मंद चालत असेल, उदाहरणार्थ सेल उतरले असतील, तर त्याच संगीतासाठी कमी फीत खर्च होते. पुढे ती फीत योग्य गतीच्या यंत्रावर लावली की सारे संगीत घाईने उरकते, आणि प्रत्येक स्वरही त्याच प्रमाणात चढतो.

लक्षात ठेवण्यासारखा मुद्दा असा : मुद्रणाच्या वेळी यंत्र मंद असेल, तर ऐकताना सूर चढा लागतो. यंत्र जलद असेल, तर सूर उतरलेला लागतो. गती आणि पट्टी फितीवर एकाच गाठीने बांधलेल्या असतात. गती सुमारे ६% वाढली की सूर एक पुरा अर्धस्वर चढतो.

५/
ही चूक फक्त गरिबाच्या टू-इन-वनची नाही. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझमधली जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिका १९५९ची. पहिल्या दिवशी स्टुडिओतले मुख्य यंत्र किंचित मंद चालत होते. त्यामुळे त्या दिवशीच्या तीन रचना तबकडीवर किंचित चढ्या उमटल्या. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली राखीव फीत वापरून १९९२च्या आवृत्तीत ती दुरुस्ती झाली. मधल्या ३३ वर्षांत जगभरच्या कित्येक वादकांनी त्या चढ्या पट्टीबरोबर सराव केला. माझा चुलतभाऊ एकटा नव्हता.

६/
रॉक संगीताच्या मैफलींत हा प्रश्न आणखी बिकट झाला, कारण तिथे श्रोतेच मुद्रण करत. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने श्रोत्यांना मुद्रणाची मोकळीक दिली होती. १९८४पासून तर त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाही राखली. फितीवरून फीत, तिच्यावरून तिसरी फीत, अशा नकला हजारो हातांतून फिरल्या. प्रत्येक नकलेत त्या त्या यंत्राची गतीची चूक मिसळत गेली.

पोथ्यांच्या नकलांत प्रत्येक लेखनिकाच्या चुका साचत जातात, हे तुम्हांला ठाऊक आहे. इथेही तसेच झाले. म्हणून फीत कितव्या पिढीची आहे, हा प्रश्न पोथीइतकाच कॅसेटलाही विचारावा लागतो. आमची कॅसेट सुदैवाने पहिल्या पिढीची, म्हणजे मूळ प्रत होती.

७/
याहून जुना आणि बुलढाणा जिल्ह्याला जवळचा असा एक धागाही इथे आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी (गोविंदराव जोशी) यांनी गायली, आणि १९३०च्या दशकात तिची तबकडी घराघरांत वाजली. मराठी भावगीताच्या आरंभाचा इतिहास सांगताना या तबकडीचे नाव टाळता येत नाही. मेहकरात वकिली करणाऱ्या एका कवीचे शब्द लाखेच्या तबकडीवरून महाराष्ट्रभर गेले.

अशा तबकड्यांना आपण सरसकट ‘७८च्या’ म्हणतो. मिनिटाला ७८ फेरे, असा त्याचा अर्थ. पण हा आकडा आला कुठून?

८/
कलकत्त्यात १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग यांनी गौहर जान यांचा आवाज तबकडीवर घेतला, तेव्हा फेऱ्यांची गती सर्वत्र एक अशी ठरलेली नव्हती. त्या काळच्या तबकड्या सत्तरच्या आसपास किंवा ऐंशीच्याही वर फिरवाव्या लागत. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि गती विजेच्या कंपनसंख्येला बांधली गेली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथे प्रमाण गती ७८.२६ ठरली. आपल्याकडे आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची. तिथे ती ७७.९२ झाली.

गाण्याच्या गतीचे मोजमाप अशा रीतीने वीजघराशी जोडले गेले. हा दुवा लक्षात असू द्या, कारण पुढे मी फसलो तो याच ठिकाणी.

९/
कामाला लागलो तेव्हा पहिले पाऊल होते स्वतःच्या यंत्राची झडती. वाजवणारे यंत्रच चुकीचे असेल, तर कॅसेटवर आरोप ठेवण्यात अर्थ नाही. ३००० हर्ट्झचा एकच स्वर भरलेली चाचणीची कॅसेट मिळवली आणि लावली. संगणकाने ३०१२ हा आकडा दाखवला. म्हणजे माझे डेक ०.४% जलद होते. मोटारीच्या मागचा बारीक स्क्रू फिरवून ते ३०००वर आणले.

मगच काकांची कॅसेट लावली आणि तिची एक अस्पर्श प्रत संगणकावर उतरवून घेतली. या प्रतीला पुन्हा हात लावायचा नाही, हा नियम मी त्याच दिवशी घालून घेतला.

१०/
आता साक्षीदार हवा होता. स्वर मोजायचे तर मुळात ते काय होते, हे सांगणारे काही तरी फितीवरच सापडायला हवे.

परदेशी दुरुस्तीकारांचे लेख वाचून एक युक्ती मला माहीत झाली होती. ध्वनिक्षेपकातून एक मंद घरघर सतत येत असते. ती विजेची असते : ५० हर्ट्झ किंवा त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झ. फितीवर ती कितीची भरते ते मोजा, १००शी ताडून पहा, की गतीची चूक हाती येते. आमच्या फितीवर ती घरघर स्पष्ट होती आणि १०२ हर्ट्झ भरत होती. म्हणजे चूक २%. मी आनंदाने २% गती कमी केली आणि चुलतभावाला बोलावले.

११/
त्याने ट्यूनर लावून गिटार जुळवली, कॅसेटबरोबर एक सूर छेडला आणि मान हलवली. अजूनही पाव स्वराचे अंतर होते. तो म्हणाला, “दादा, मी सांगत होतो ना, बाबांची जुळवणीच वेगळी होती.”

मलाही क्षणभर तसे वाटले. आकडे माझ्या बाजूने होते, यंत्र तपासलेले होते, पद्धत जगन्मान्य होती. पण एकाच साक्षीदाराच्या बळावर निकाल देऊ नये, हा धडा इतिहासाच्या पहिल्याच पुस्तकात असतो. तो मी विसरलो होतो.

१२/
दुसरा साक्षीदार फितीच्या अगदी आरंभी बसलेला होता. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी कीबोर्डवाला एकच स्वर दाबून धरतो आणि काका एकेक तार त्याच्याशी जुळवतात. चाळीसेक सेकंदांचा तो कंटाळवाणा भाग आम्ही सारे वर्षानुवर्षे पुढे ढकलत आलो होतो.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाचा स्वर आतल्या स्फटिकावर चालतो. सेल उतरोत की वीज डळमळो, तो सहसा ढळत नाही. त्या स्वराची आंतरराष्ट्रीय प्रमाण कंपनसंख्या ४४० हर्ट्झ. फितीवर तो ४६२ भरला. म्हणजे चूक २% नव्हे, बरोबर ५% होती!

तिसरा साक्षीदार त्याच कीबोर्डातला ताल. पहिल्या गाण्यात तो मिनिटाला १२६ मात्रांनी चालतो. ५% वजा केले की १२० ही सरळ संख्या येते. एकटा हा पुरावा दुबळा ठरला असता. दुसऱ्याच्या जोडीने तो भक्कम झाला.

१३/
मग विजेची घरघर खोटे का बोलली? फीत ५% चढी असेल, तर १०२ची घरघर मुळात ९७च्या थोडी वर असली पाहिजे. म्हणजे त्या रात्री खामगावात वीज ५० हर्ट्झची नव्हतीच. ती सुमारे ४८.६ हर्ट्झची होती.

हे अशक्य नाही. मागणी पुरवठ्याहून वाढली की जनित्रांवर भार पडतो, ती मंदावतात आणि कंपनसंख्या घसरते. १९९०च्या दशकात भारतातल्या वीजजाळ्यांत ती ५०च्या बरीच खाली-वर होत असे. तिला शिस्त लावण्यासाठी दराशी निगडित अशी नवी व्यवस्था आली. पश्चिम विभागात ती जुलै २००२पासून लागू झाली. परदेशी लेखकांच्या देशात ५० म्हणजे जवळजवळ ५०च असे. त्यांची पद्धत बरोबर होती. तिच्यामागचे गृहीत आमच्या मंडपात लागू नव्हते.

१४/
इतिहासाच्या अभ्यासकांना ही चूक ओळखीची वाटेल. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. पण समोरच्या कागदावरचा सन शुहूर नसून हिजरी असेल, तर हीच बेरीज तुम्हांला भलत्याच वर्षी नेऊन सोडते. बेरीज चुकलेली नसते. मोजपट्टी कोणाची, हे विचारायचे राहून गेलेले असते.

१५/
तरीही शंका उरत होती. कीबोर्डाची पट्टी कोणी मुद्दाम बदललेली असली तर? ताल आणि स्वर दोन्ही ५%नेच कसे वाढतील, हे एक उत्तर होते. पण निर्णायक उत्तर फितीनेच दिले.

सोळाव्या मिनिटाला वीज जाते. सगळे वाद्यवृंद एकदम गप्प होतो. टू-इन-वन सेलवर चालू असल्यामुळे ते मुद्रण करतच राहते : शिट्ट्या, पोरांचा आरडाओरडा, “मेणबत्ती आणा रे”, आणि काही वेळाने जनरेटरची धडधड. ध्वनिक्षेपक पुन्हा घरघरू लागतो. या वेळी घरघर १०७.५ हर्ट्झ भरते. कीबोर्डवाला पुन्हा तोच स्वर देतो, तो भरतो ४६४.

यंत्राची गती बदलली असती, तर दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात हलले असते. घरघर साडेपाच टक्क्यांनी उडी मारते आणि स्वर अर्धा टक्काही हलत नाही. तेव्हा बदलली ती वीज. जनरेटरची कंपनसंख्या ५१च्या आसपास होती.

१६/
४६२वरून ४६४ हा लहानसा फरकही बोलका आहे. सेल हळूहळू उतरत होते. बाजू संपताना शेवटच्या गाण्यात तोच स्वर ४७१पर्यंत चढतो, म्हणजे ७%, अर्धस्वराहूनही अधिक. म्हणून एकच आकडा वजा करून भागणार नव्हते. जिथे जिथे कीबोर्डाचा स्वच्छ स्वर सापडला, तिथे तिथे मोजणी केली, बिंदू जोडून एक वक्ररेषा काढली आणि त्या रेषेप्रमाणे गती क्षणोक्षणी थोडी थोडी अधिक मंद करत नेली. ३० मिनिटांची बाजू दीड मिनिटाहून अधिक लांबली. इतका वेळ त्या रात्रीने खरोखर घेतला होता.

१७/
दुरुस्ती कुठे थांबवायची, हाही प्रश्न होता. आजची संगणकप्रणाली गती न बदलता पट्टी बदलू शकते, पट्टी न बदलता गती बदलू शकते, बेसूर गायकाला सुरात आणू शकते. यातले काहीही मी केले नाही. यंत्राने गती आणि पट्टी एकत्र बिघडवल्या होत्या, म्हणून त्या एकत्रच सुधारायच्या.

दुसऱ्या गाण्यात गायिका अंतऱ्यावर बेसूर होते, तिला तसेच राहू दिले. काकांचा एक सूर चुकतो, तोही राहिला. यंत्राचा दोष काढणे हे संशोधकाचे काम. माणसाचा दोष काढला तर ती त्या रात्रीची नक्कल होईल, साक्ष उरणार नाही. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना मूळ कागदाचा जो आग्रह धरला, तो इथेही लागू आहे.

१८/
सुधारलेली प्रत चुलतभावाला ऐकवली. प्रमाण जुळवणीतली गिटार पहिल्या सुरापासून मिळाली. वेगळी जुळवणी वगैरे काही नव्हती. आणि बोटेही विजेसारखी चालत नव्हती.

तो बराच वेळ बोलला नाही. लहानपणापासून ज्या वेगाचा पाठलाग त्याने केला, तो वेग उतरलेल्या सेलांचा होता. त्याचे काही तरी मी काढून घेतले, असे मला वाटले, आणि अजूनही वाटते. मग त्याने एक तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तिथे काका एक तार दाबून खेचतात आणि सूर सावकाश वर नेतात. घाईच्या प्रतीत ते कधी नीट कळले नव्हते. “हे त्यांनी कसं केलं असेल?” असे म्हणून तो तेवढेच वाजवत बसला.

१९/
कॅसेटच्या शेवटी काका माइकवर येऊन मंडळाचे आभार मानतात. तो आवाज आम्हांला नेहमी कोवळा, पोरसवदा वाटत आला होता. आता तो भारदस्त झाला. आजीला ऐकवला. तिने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, “हाव, हा त्याचाच आवाज हाये. असाच बोले तो.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण मले तो जुनाच लावून देत जा. तीस वर्सं त्यालेच आयकत आली मी.”

आजीच्या मोबाइलमध्ये जुनीच प्रत आहे.

२०/
तुमच्या घरी अशी कॅसेट असेल, तर या गोष्टी करा.
• बुरशी असेल तर वाजवण्यापूर्वी जाणकाराकडून साफ करून घ्या.
• आधी अस्पर्श प्रत उतरवा. आरंभीची खरखर, जुळवाजुळव, मधली शांतता, काहीही कापू नका.
• वेष्टनावरचे हस्ताक्षर आणि कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या.
• किमान दोन स्वतंत्र साक्षीदार शोधा : कीबोर्ड, ताल, विजेची घरघर, ओळखीच्या माणसाचा आवाज. पेटी जुनी असेल तर तिच्यावर पूर्ण विसंबू नका. तिचे सूर उतरलेले असू शकतात.
• सुधारलेली प्रत वेगळी ठेवा आणि किती, कुठे, कोणत्या पुराव्यावर बदल केला, याची चिठ्ठी तिच्यासोबत ठेवा.

२१/
आमच्या चिठ्ठीत शेवटची ओळ अशी आहे : ‘वीज जाण्यापूर्वी सुमारे ४८.६ हर्ट्झ, जनरेटरवर सुमारे ५१.’ काकांच्या गिटारीशी तिचा काही संबंध नाही. पण १९९०च्या गणपतीत खामगावच्या एका मंडपात वीज कशी होती, हे कोणाला कधी हवे असेल, तर ते या कॅसेटवर आहे.

तुमच्या माळ्यावरच्या पेटीत काय आहे, ते खाली जरूर लिहा.